परसातल्या गवतात काय काय उगवतं: उपयोगी रानवनस्पती ओळखणं, वापरणं आणि राखणं

घरामागे थोडी मोकळी, गवत वाढलेली जागा असली की आपण लगेच तिथे काय लावायचं याचा विचार करायला लागतो. माझं सांगणं उलटं आहे. पहिलं वर्ष तिथे काहीही लावू नका आणि काहीही खाऊ नका. गवत कापायची वेळ बदला आणि जे आपोआप उगवेल ते ओळखायला शिका. अशा तुकड्यात कामाच्या वनस्पती बहुधा असतातच. त्या फुलायच्या आत आपण कापून टाकतो, म्हणून दिसत नाहीत.

मातीत बियांचा साठा किती काळ टिकतो याचं एक जुनं उदाहरण आहे. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये विल्यम बील या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७९ मध्ये तणांचं बी वाळूत मिसळून बाटल्यांमध्ये भरलं आणि जमिनीत पुरून ठेवलं. ठरावीक वर्षांनी एक बाटली काढायची आणि त्यातलं बी पेरून बघायचं, असा तो प्रयोग. २०२१ मध्ये काढलेल्या बाटलीतलं काही बी १४२ वर्षांनंतरही रुजलं. सगळ्या जातींचं बी इतकं टिकत नाही, पण तुमच्या पायाखाली नुसतं गवत नाही एवढं यावरून कळतं. अनेक तणांच्या बियांना रुजायला उजेड लागतो. म्हणून जमीन खणली की खालचं बी वर येऊन एकदम उगवतं, आणि त्यात बहुतेक वेळा दांडगट तणंच पुढे जातात. तेव्हा खणूही नका.

आधी जमिनीचा इतिहास

ही पायरी कंटाळवाणी वाटते, पण टाळू नका. तिथे पूर्वी तणनाशक मारलं होतं का? बांधकामाचा राडारोडा, जुन्या रंगाचे पोपडे, बॅटऱ्या किंवा गाडीचं तेल टाकलं होतं का? सांडपाणी तिकडे वळतं का? जुन्या तेलरंगांमध्ये शिसं असायचं आणि ते मातीत वर्षानुवर्षं राहतं. पालेभाज्यांना त्याचा धोका दोन बाजूंनी असतो: थोडं मुळांवाटे वर चढतं, आणि त्याहून जास्त धुळीच्या रूपात पानांवर बसतं. शंका असेल तर माती प्रयोगशाळेत देऊन जड धातूंची तपासणी करून घ्या. नेहमीच्या माती परीक्षणात ती नसते, वेगळी मागावी लागते. निकाल खराब आला तर तुकडा वाया जात नाही. खाण्याचं सोडून द्या, फुलपाखरं, मधमाश्या आणि मातीचं झाकण यांसाठी तो चांगलाच आहे.

पहिल्या वर्षाचं काम

तुकड्याचे डोळ्यांनीच भाग पाडा: सगळ्यात ओला, सगळ्यात कोरडा, सावलीचा, आणि येण्याजाण्याने दबलेला. प्रत्येक भागात हातभर लांबी-रुंदीचा एक चौकोन दोरीने आखा. त्या चौकोनांना विळा लावायचा नाही. पंधरवड्याने एकदा प्रत्येकाचा वरून फोटो काढा आणि वहीत लिहा: काय नवीन उगवलं, कशाला कळी आली, कशाला फूल, कशाचं बी पडलं. नाव माहीत नसलं तर स्वतःचं कामचलाऊ नाव द्या, "लाल देठाचं, मांसल" असं. नाव नंतर मिळतं, पण निरीक्षणाची वेळ गेली की वर्षभर थांबावं लागतं.

या वहीचा खरा फायदा दुसऱ्या वर्षी होतो. रानभाजी खायची ती कोवळी असताना, आणि खात्रीने ओळखता येते ती फुलावर आल्यावर. या दोन अवस्थांमध्ये एकच झाड इतकं वेगळं दिसतं की मधला प्रवास बघितल्याशिवाय कोवळ्या रोपाची ओळख पक्की होत नाही.

ओळख पटवायची पद्धत

पानाच्या आकारावर कधीच थांबू नका. झाड हातात घेतलं की दर वेळी याच क्रमाने बघा: पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, खोड गोल, चौकोनी की तिधारी, खोड मोडल्यावर काय येतं, पाणी, पांढरा चीक की पिवळा चीक, पान चुरडल्यावर वास कसला, पेरावर काटा, केस किंवा आवरण आहे का, आणि शेवटी फूल, फळ, बी. प्रत्येक जातीचा एक पूर्ण नमुना मुळासकट उपटून वर्तमानपत्रात दाबून वाळवा. कागद सुरुवातीला रोज बदलावा, नाहीतर बुरशी येते.

फोटोवरून ओळखणारी मोबाइल अॅप्स वापरा, पण फक्त शोध कुठून सुरू करायचा ते कळण्यासाठी. फोटोत चीक दिसत नाही आणि वास येत नाही. आणि शास्त्रीय नाव मिळेपर्यंत काहीही तोंडात घालू नका. "ब्राह्मी" म्हणून दोन अगदी वेगळ्या वनस्पती चालतात, एक सेंटेला एशियाटिका आणि दुसरी बाकोपा मोनिएरी. पिवळ्या धोतऱ्याचा धोतऱ्याशी काही संबंध नाही.

एका हंगामात पाच जाती पुष्कळ झाल्या. पन्नास अर्धवट ओळखण्यापेक्षा पाच अशा ओळखा की चार पानांचं रोपही झोपेतून उठून सांगता यावं.

सुरुवात घोळीपासून

पहिली वनस्पती कोणती शिकावी, असं मला कुणी विचारलं तर मी घोळच सांगेन. शास्त्रीय नाव पोर्तुलाका ओलेरेशिया. जगाच्या बहुतेक उष्ण आणि समशीतोष्ण भागांत ती सापडते, उघड्या आणि तुडवलेल्या जमिनीतही येते, आणि तिची लक्षणं स्पष्ट आहेत. जमिनीलगत पसरणारं गुळगुळीत, मांसल, बहुधा लालसर खोड. चमच्याच्या आकाराची जाडसर पानं, फांदीच्या टोकाशी गोळा झालेली. लहान पिवळी फुलं, जी उन्हात थोडाच वेळ उघडतात. फळ पिकलं की त्याचं वरचं टोपण डबीच्या झाकणासारखं सुटतं आणि आत बारीक काळं बी दिसतं. हे टोपण एकदा बघितलं की ओळखीबद्दल शंका राहत नाही.

तिच्याच शेजारी, तशीच जमिनीला चिकटून, दुधीच्या म्हणजे युफोर्बिया कुळातल्या लहान जाती वाढतात आणि घाईत हात त्यांच्यावर पडतो. त्यांचं खोड तारेसारखं बारीक असतं, पानं पातळ असतात आणि मोडल्यावर पांढरा चीक येतो. तो कातडीला आणि डोळ्यांना झोंबतो, आणि ही झाडं खायची नसतात. म्हणून घोळ तोडताना प्रत्येक जुडीतली काही खोडं मोडून बघा. पाणी आलं तर घोळ, दूध आलं तर सगळी जुडी पुन्हा निवडायची.

घोळीत अल्फा-लिनोलेनिक आम्ल, म्हणजे वनस्पतीत मिळणारं ओमेगा-३, पालेभाज्यांच्या मानाने बरंच असतं. पण तिच्यात ऑक्झलेटही बरंच असतं. मुतखड्याचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी ती टाळावी. इतरांनीही ती रोज न खाता अधूनमधून खावी. भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून दिलं की विरघळणारं ऑक्झलेट कमी होतं. दह्यासारख्या कॅल्शियम असलेल्या पदार्थासोबत खाल्लं तर उरलेल्यातलं काही आतड्यातच बांधलं जातं.

तोडायच्या वेळेचाही फरक पडतो. पाण्याचा ताण पडला की घोळ दिवसा पानांची रंध्रं मिटून घेते, रात्री कार्बन डायऑक्साइड आत घेते आणि तो मॅलिक आम्लाच्या रूपात साठवते. दिवसभरात ते आम्ल वापरलं जातं. म्हणून कोरड्या दिवसांत पहाटे तोडलेली घोळ जास्त आंबट लागते आणि संध्याकाळची सौम्य.

शेंडे चार बोटं खुडा, मूळ राहू द्या, म्हणजे पुन्हा फुटवे येतात. काढून टाकायचीच असेल तर उपटून तिथेच ओल्या मातीवर ठेवू नका. मोडलेल्या तुकड्यांना मुळं फुटतात, आणि फळं धरलेली असली तर उपटल्यावरही त्यांतलं बी पिकू शकतं.

माठ आणि चाकवत

माठाच्या, म्हणजे अमरँथसच्या, रानजाती जवळपास सगळीकडे असतात. एकाआड एक पानं, लांब देठ, टोकाला हिरवट तुरा आणि त्यात चकाकणारं बारीक काळं बी. काटेमाठाला पेराशी दोन-दोन तीक्ष्ण काटे असतात. तो कोवळा असतानाच काढावा, नंतर हात फाटतात. चाकवताची, म्हणजे चिनोपोडियम आल्बमची, कोवळी पानं पिठाची भुकटी टाकल्यासारखी पांढरट असतात. बोटाने चोळलं की भुकटी हाताला लागते आणि पानावर पाणी टाकलं तर ते घरंगळून जातं.

कोवळ्या चाकवतात कामोणीचं, म्हणजे सोलॅनम नायग्रमचं, रोप मिसळलेलं असू शकतं. त्यावर ही भुकटी नसते आणि पुढे त्याला पांढरी, मिरचीच्या फुलासारखी फुलं येतात. त्याच्या कच्च्या हिरव्या फळांत सोलॅनिन हे विष असतं.

माठ आणि चाकवत दोन्ही जमिनीतला नायट्रेट भराभर शोषून पानादेठांत साठवतात. म्हणून शेणखताच्या ढिगाजवळची किंवा युरिया पडलेल्या जागेतली तरारलेली रोपं दिसायला सगळ्यात छान असली तरी खाण्यासाठी घेऊ नयेत. लहान बाळांना तर नकोच. उकळून पाणी टाकणं इथेही उपयोगी पडतं.

टाकळा, आणि त्याचा धोकादायक भाऊ

या भागावर जरा थांबतो, कारण इथली चूक जिवावर बेतू शकते.

टाकळा म्हणजे सेन्ना टोरा. पाऊस पडून जमीन भिजली की पहिल्या काही आठवड्यांत त्याची कोवळी पानं भाजीसाठी घेतात. पानाला पर्णिकांच्या, म्हणजे एकाच देठावरच्या छोट्या पानांच्या, साधारण तीन जोड्या, पर्णिका टोकाकडे रुंद आणि बोथट, रात्री त्या मिटतात. पिवळी फुलं, आणि नंतर लांब, बारीक, वाकलेल्या शेंगा. त्याच जागेत वाढणारा कासविंदा, सेन्ना ऑक्सिडेंटॅलिस, दुरून तसाच दिसतो. त्याच्या पर्णिकांच्या जोड्या जास्त, साधारण चार ते सहा, आणि पर्णिका टोकाला निमुळत्या, अणकुचीदार. पानाच्या देठाच्या तळाशी एक ठळक गाठीसारखी ग्रंथी असते. चुरडल्यावर वास उग्र येतो. शेंगा चपट्या आणि टाकळ्याच्या मानाने बऱ्याच आखूड.

कासविंद्याचं बी विषारी आहे. उत्तर भारतात लहान मुलांमध्ये यकृत, मेंदू आणि स्नायूंवर आघात करणारा एक जीवघेणा आजार दर वर्षी यायचा. मुलांनी खेळता खेळता या शेंगांतलं बी खाल्ल्याशी त्याचा संबंध आढळला. घरात लहान मुलं असतील तर कासविंदा फुलायच्या आत मुळासकट काढा. टाकळ्याच्याही शेंगा आणि बी खायला घेऊ नका. फक्त कोवळा पाला घ्या, तोही शिजवून.

आणखी एक गोष्ट बागवालेही चुकतात. टाकळा शेंगवर्गीय असला तरी त्याच्या मुळांवर हवेतला नत्र (नायट्रोजन) धरणाऱ्या गाठी येत नाहीत. जमीन सुपीक करतो म्हणून तो राखण्यात अर्थ नाही.

थोडक्यात आणखी काही

आंबुशीला, म्हणजे ऑक्झॅलिस कॉर्निक्युलाटाला, बदामाच्या आकाराच्या तीन पर्णिका आणि पाच पाकळ्यांची पिवळी फुलं असतात. पिकलेल्या उभ्या शेंगेला हात लावला की बी उडतं. चव आंबट आणि ती ऑक्झॅलिक आम्लाचीच, तेव्हा चवीपुरती काही पानं, भाजी म्हणून नाही.

केना, कोमेलिना बेंगालेन्सिस, ओल्या भागात सापडतो. निळ्या फुलात दोन मोठ्या पाकळ्या आणि एक बारीक, पानाच्या तळाच्या आवरणावर तांबूस केस. कोवळा पाला शिजवून खातात. कितीही उपटला तरी तो परत येतो, कारण वरच्या निळ्या फुलांखेरीज त्याला जमिनीखालीही फुलं येतात. ती न उघडताच त्यांच्यात बी धरतं.

सेंटेला म्हणजे मंडूकपर्णी. सावलीत, ओलसर जागी धावते, मूत्रपिंडाच्या आकाराची गोल पानं प्रत्येक पेरातून वर येतात. पाणी साचणाऱ्या किंवा गुरं चरणाऱ्या जागेतली असेल तर कच्ची खाऊ नका. यकृतात राहणाऱ्या पर्णकृमींच्या अळ्या अशा ओलसर जागच्या पाल्याला चिकटून पोटात जातात, आणि नुसतं धुण्याने त्या निघतीलच असं नाही.

लव्हाळा तिधारी दांडीवरून ओळखा. खाली साखळीने कंद असतात. वरून ओढला तर दांडी तुटते आणि कंद तिथेच राहतात. त्याचं राज्य सुरू झालं की बाकीच्यांना जागा उरत नाही. खुरप्याने कंदासकट, पुन्हा पुन्हा, काढत राहणं हाच उपाय.

न खाताही उपयोगी

रानवनस्पतीचा उपयोग म्हणजे फक्त भाजी किंवा औषध, ही समजूत सोडायला हवी. एकदांडीची, ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्सची, लांब उघड्या दांडीवरची लहान पिवळसर फुलं जवळजवळ वर्षभर असतात आणि दुसरं काही फुललेलं नसतं तेव्हा फुलपाखरांना मध देतात. ती मूळची अमेरिका खंडातली आणि पसरणारी आहे, म्हणून एका कोपऱ्यापुरती ठेवावी. तिचा पाला जखमेवर चोळण्याची पद्धत आहे, पण मी ती करू देणार नाही. मातीत धनुर्वाताच्या जंतूंची बीजुकं असतात आणि जमिनीलगतच्या पाल्यासोबत ती थेट जखमेत जातात. जखम स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवा, खोल असेल तर इंजेक्शन घ्या.

फुलपाखरांच्या अळ्या मात्र ठरावीक पाल्यावरच वाढतात. आंबुशीवर पेल ग्रास ब्लूच्या, घोळीवर डॅनेड एगफ्लायच्या. म्हणजे आपण तण म्हणून जे उपटतो तेच त्यांचं अन्न असतं. दोन्ही जातींची थोडी रोपं न खुडता ठेवा.

मातीसाठी शेंगवर्गीय रोपं शोधा: क्लोव्हर, रानमेथ्या, रानमूग. नत्र खरंच धरला जातोय का ते घरी कळतं. फुलावर आलेलं एक रोप खुरप्याने मातीसकट उचला, मुळं पाण्यात हलकेच धुवा आणि एक गाठ नखाने चिरा. आतून गुलाबी किंवा लाल असेल तर गाठ काम करते आहे. पांढरी, हिरवट किंवा तपकिरी असेल तर नाही. गाठ मुळाच्या कडेला चिकटलेली असते आणि सहज सुटते. मूळच आतून फुगलेलं असेल तर तो सूत्रकृमींचा रोग समजा. रोप उपटण्यापेक्षा वरून कापावं, कारण गाठींसकट मुळं जमिनीत कुजली की तो नत्र शेजारच्या झाडांना मिळतो.

आधी हे ओळखून काढा

खाण्याच्या जाती शिकण्याआधी विषारी शिका. गाजरगवताची, पार्थेनियमची, पानं गाजराच्या पानासारखी चिरलेली आणि फुलं लहान, पांढरी असतात. त्यातल्या पार्थेनिनमुळे कातडीवर पुरळ येतं. हातमोजे घालून, फुलायच्या आत, जमीन ओली असताना मुळासकट उपटा. पिवळ्या धोतऱ्याची, आर्जेमोनीची, पानं काटेरी, निळसर हिरवी आणि शिरा पांढऱ्या, चीक पिवळा. त्याचं बी मोहरीसारखं दिसतं, आणि त्याचं तेल मोहरीच्या तेलात मिसळल्यामुळे १९९८ मध्ये दिल्लीत अनेकांचा बळी गेला. धोतरा, एरंड आणि गुंज यांचं बी मुलांच्या हाताला लागू नये. पांढऱ्या छत्रीसारखी फुलं येणारी, कोथिंबीर-गाजराच्या कुळातली कोणतीही रानजात नवशिक्याने खाऊ नये. हेमलॉक ही जीवघेणी विषारी वनस्पती याच कुळातली आहे.

"कडू असेल ते विषारी", "पक्षी खातात ते आपल्यालाही चालतं", "उकळलं की विष जातं" यांतला एकही नियम खरा नाही.

पहिल्यांदा खाताना

ओळख पक्की झाल्यावरही एका वेळी एकच नवी वनस्पती घ्या. निवडून, तीन पाण्यांत धुऊन, शिजवून, दोन घास खा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत थांबा. बाकीचं जेवण नेहमीचंच ठेवा, म्हणजे त्रास झाला तर कारण कळतं. न शिजवलेली थोडी पानं बाजूला झाकून ठेवा. दवाखान्यात जायची वेळ आली तर डॉक्टरांना ती दाखवता येतात. गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांना नवी रानभाजी देऊ नये. रक्त पातळ करण्यासाठी वॉरफेरिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारावं, कारण हिरव्या पाल्यातलं व्हिटॅमिन के त्या औषधाच्या विरुद्ध काम करतं.

तोडताना एका जातीची एक तृतीयांशाहून जास्त रोपं घेऊ नका. जी सगळ्यात जोमदार दिसतात त्यांतली काही बियांसाठी सोडा.

कापणी

तुकडा कसा होतो ते शेवटी विळ्यावर ठरतं. सारखं खुरटं कापलं तर फक्त गवत उरतं, कधीच कापलं नाही तर झुडपं आणि दांडगी तणं चढतात. मधला रस्ता असा: तुकड्याचे तीन पट्टे करा. बहुतेक फुलझाडांचं बी पडून गेलं की दोन पट्टे कापा, जमिनीपासून वीतभर नाही पण चार-पाच बोटं वर ठेवून. तिसरा तसाच राहू द्या. त्यात अळ्या, कोष आणि कोळी पुढच्या हंगामापर्यंत तग धरतात. पुढच्या वर्षी न कापायचा पट्टा बदला. कापताना तुकड्याच्या आतून बाहेर जा, म्हणजे बेडूक आणि सरडे पळू शकतात.

कापलेलं गवत दोन-तीन दिवस तिथेच वाळू द्या, अधूनमधून उलटा, म्हणजे उरलेलं बी झडतं. मग ते उचलून न्या. तिथेच कुजवलं तर जमिनीत नत्र वाढतो आणि दोन-तीन दांडग्या जाती बाकीच्यांना दाबून टाकतात. उचललेलं गवत भाजीच्या वाफ्यात आच्छादन म्हणून चालतं, पण त्यात बी असेल तर आधी कंपोस्टच्या ढिगाच्या मध्यभागी घाला, जिथे उष्णता सगळ्यात जास्त असते. गाजरगवत, लव्हाळ्याचे कंद आणि केना ढिगात टाकू नका.

दुसऱ्या वर्षी वही उघडा आणि आखलेले चौकोन पुन्हा बघा. ज्या जातीला गेल्या वर्षी बी धरायला वेळ मिळाला ती आता पसरलेली दिसेल. जी हवी होती पण कमी झाली, तिच्या बी पडण्याच्या तारखेच्या पुढे यंदाची कापणी ढकला.